टिपलेला पाऊस आणि गोठवलेला पाऊस : रात्रीच्या फ्लॅश-छायाचित्रांविषयी

पावसाळ्याच्या चार महिन्यांत ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांत रात्रीच्या पावसाची जी छायाचित्रे काढली जातात, त्यांपैकी पुष्कळांचा नमुना एकच असतो. स्टेशनातील फलाटावरची गर्दी, मासुंदा तलावाचा कठडा, फडके रस्त्यावरच्या छत्र्या किंवा दुर्गाडीखालचा खाडीचा काठ असा काही तरी विषय मागे असतो. आणि त्याच्या पुढे, सबंध चित्रभर, पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडलेला असतो. काही ठिपके मोहरीएवढे, तर काही चांगले रुपयाएवढे वाटोळे. हे ठिपके म्हणजे कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशच्या प्रकाशात सापडलेले पावसाचे थेंब होत. चित्राखाली मात्र बहुधा ‘मुसळधार’ हा शब्द छापलेला असतो. ज्याने मुसळ पाहिले आहे त्याला चित्र आणि शब्द यांतील विसंगती समजावून सांगावी लागणार नाही. शब्द धारेविषयी बोलतो आणि चित्रात धार नाही. जाड, सलग, वरून खाली सरळ येणाऱ्या वस्तूची उपमा शब्दाने दिली आहे. चित्रात दिसते ते सुटे, गोल आणि अधांतरी लटकलेले. ज्याला चित्राखालचा मजकूर वाचू दिलेला नाही अशा एखाद्या प्रेक्षकाने हे हिमालयातील गावी रात्री पडणाऱ्या बर्फाचे चित्र आहे असे म्हटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

हा बर्फाचा भास यदृच्छेने होत नाही. त्याची कारणे प्रकाशाच्या आणि पाण्याच्या शास्त्रात आहेत, तशीच ती पाहणाऱ्याच्या सवयीत आणि त्याच्या भाषेतही आहेत. या छायाचित्रांची जी थोडीफार चर्चा होते ती तंत्राच्या अंगाने होते: कोणते भिंग, कोणते छिद्र, शटरचा वेग किती. चित्र काय म्हणते आणि त्याखालचा शब्द काय म्हणतो यांचा मेळ बसतो की नाही, हा प्रश्न त्या चर्चेत उद्भवत नाही. वस्तुतः समीक्षेचा प्रश्न तोच आहे.

प्रथम फ्लॅशचे कार्य पाहणे अवश्य आहे. पावसाचा थेंब किती वेगाने खाली येतो हे गन आणि किन्झर यांनी १९४९ साली प्रयोगाने ठरवून दिले. १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर, २ मिलिमीटरचा सुमारे साडेसहा मीटर आणि ५ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर या वेगाने पडतो. याहून फार मोठे थेंब वाटेतच फुटतात. आता २ मिलिमीटरचा मध्यम थेंब घेतला, तर शटर एक-तीसांश सेकंद उघडे असता तो जवळजवळ वीतभर अंतर कापतो. चित्रात त्याची रेघ उमटते. डोळ्याचेही असेच आहे. डोळा पावसाचा क्षण अलग करू शकत नाही. सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागातले जे काही असेल ते तो एकत्र करून पाहतो, आणि तेवढ्या अवधीत हा थेंब सुमारे हातभर खाली आलेला असतो. म्हणून माणसाला पाऊस रेघांचा दिसतो. धार ही अशा रीतीने डोळ्याने रचलेली वस्तू आहे. पण सर्वच माणसे ती सारखीच रचतात, म्हणून तिला खोटी म्हणण्याचे कारण नाही.

फ्लॅशचा प्रकाश याच्या कितीतरी पट अल्पजीवी असतो. कॅमेऱ्यावर बसणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश पूर्ण शक्तीने उडवला तर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो; शक्ती कमी केली तर दहा-वीस हजाराव्या भागापर्यंत खाली येतो. वीस-हजारांश सेकंदात आपला मध्यम थेंब मिलिमीटरचा तिसरा हिस्साच सरकतो. चित्रात तो वाटोळा, स्थिर आणि स्पष्ट येतो, तो यामुळे. हिमकणाची गोष्ट निराळी आहे. हिमकण सेकंदाला जेमतेम मीटरभर, तरंगत, हेलकावे घेत उतरतो. उघड्या डोळ्यालाही तो ठिपक्यासारखाच दिसतो. माणसाच्या स्मृतीत बर्फ ठिपक्यांचा आहे आणि पाऊस रेघांचा. फ्लॅश पावसाच्या रेघा काढून घेतो आणि ठिपके ठेवतो. डोंबिवलीच्या आषाढात हिमवर्षाव दिसू लागतो तो असा.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास वृत्तपत्रांचे छायाचित्रकार जे फ्लॅश-बल्ब वापरीत, ते एकदाच जळून निकामी होत आणि त्यांचा प्रकाश सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आगेमागे टिकत असे. तेवढ्या वेळात २ मिलिमीटरचा थेंब साडेसहा सेंटिमीटर उतरतो. म्हणजे त्या काळच्या फ्लॅश-चित्रांत पाऊस आखूड रेघांचा येणे क्रमप्राप्त होते, आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅश रुळल्यावर तो ठिपक्यांचा होणेही तितकेच. पाऊस बदलला नाही, दिवा बदलला. आज हातातल्या फोनचा जो दिवा आहे तो फ्लॅश म्हणून ओळखला जात असला तरी विजेच्या ठिणगीच्या जातीचा नाही. चित्र घेतले जात असेतो तो जळत राहतो, त्यामुळे फोनच्या चित्रात जवळचे थेंब पुन्हा ओरखड्यांसारखे उमटतात. छायाचित्रात पावसाचे रूप कोणते असावे हे अशा रीतीने दर पिढीत दिव्याच्या कारखान्याने ठरवले आहे.

निसर्गात फ्लॅश अर्थातच पूर्वीपासून आहे. वीज चमकते तेव्हा अंगणातला पाऊस निमिषभर जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो, हा कोकणपट्टीतील कोणाही माणसाचा अनुभव असेल. एका चमकेत बहुधा अनेक लागोपाठचे झोत असतात, त्यामुळे तो थांबलेला पाऊस थरथरतो. या अनुभवाचा शास्त्रीय उपयोग फॉक्स टॅलबट याने १८५१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये करून दाखवला: वेगाने फिरणाऱ्या चाकावर वृत्तपत्राचे पान चिकटवून विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्याने त्याचे छायाचित्र घेतले. पुढे वर्दिंग्टनने थेंब पृष्ठावर आपटल्यावर जी उसळी उठते तिचा अभ्यास ठिणगीच्याच उजेडात केला. त्याची हकीकत समीक्षकाला फार उद्बोधक आहे. आरंभी तो डोळ्याला दिसलेली आकृती हाताने काढीत असे, आणि त्या आकृत्या सुबक, सर्व बाजूंनी सारख्या अशा येत. छायाचित्र घेणे शक्य झाल्यावर त्याला आढळले की प्रत्यक्ष उसळी क्वचितच इतकी सुबक असते. एखादी बाजू फाटलेली, एखादा तुरा तुटलेला, असेच फार. हाताने काढलेली आकृती ‘उसळी’ या जातीची होती. छायाचित्र एका विशिष्ट उसळीचे होते. त्याचा ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला.

जाती आणि व्यक्ती यांमधला हा भेद मराठीच्या पावसाकडे पाहताना हाताशी ठेवावा लागतो. ‘पाऊस’ हा शब्द संस्कृत ‘प्रावृष्’पासून प्राकृत ‘पाउस’ या रूपाने आला आहे, आणि प्रावृष् म्हणजे वर्षा ऋतू. म्हणजे आज ज्या शब्दाने आकाशातून पडणाऱ्या पाण्याचा निर्देश होतो, तो मुळात एका कालखंडाचे नाव आहे. पुढे शब्दाचा अर्थ पाण्याकडे सरकला, आणि काळासाठी ‘पावसाळा’ हा शब्द त्याच्यापासूनच घडवावा लागला. मूळचा कालवाचक अंश मात्र क्रियापदांच्या योजनेत टिकून आहे. पाऊस नुसता पडत नाही. तो येतो, लागतो, लागून राहतो, धरतो, ओसरतो, उघडतो. झड बसते, ती दोन-तीन दिवस हालत नाही. सर येते आणि जाते. संततधार, रिपरिप, पिरपिर, भुरभुर, झिमझिम या शब्दांत तीव्रतेचे जितके तारतम्य आहे तितकेच अवधीचे आहे, आणि त्यांतील बहुतेक द्विरुक्त आहेत. अक्षराची पुनरावृत्ती ही काळातील पुनरावृत्तीची खूण आहे. नुसता ‘भुर’ पाऊस किंवा नुसता ‘झिम’ पाऊस मराठीत पडूच शकत नाही. (पाऊस ‘उघडतो’ तेव्हा तो थांबतो, आणि शटर उघडते तेव्हा चित्र सुरू होते, ही गंमत कोणा छायाचित्रकाराच्या ध्यानात आली असेल तर नवल नाही.)

याच्या उलट क्षणाचे व्याकरणही मराठीत आहे, आणि ते फार नेमके आहे. अनुकरणवाचक धातूला ‘कन’ किंवा ‘दिशी’ जोडून होणारी अव्यये (‘टपकन’, ‘चमकन’, ‘खटकन’, ‘झटदिशी’) एकदाच आणि पाहता पाहता होऊन गेलेली क्रिया सांगतात. ‘थेंब टपकन पडला’ हे वाक्य निर्दोष आहे. ‘पाऊस टपकन पडला’ हे वाक्य कोणी बोलत नाही, ऐकणारा हसेल. ‘थेंब टपटप पडू लागले’ म्हणताच द्विरुक्ती परत येते आणि तिच्याबरोबर पाऊसही. मराठी भाषकाच्या जाणिवेत ‘कन’ हा थेंबाचा अधिकार आहे, पावसाचा नव्हे. फ्लॅशचे चित्र हे सर्वस्वी ‘कन’च्या जातीचे आहे. त्याच्याखाली ‘मुसळधार’ किंवा ‘संततधार’ लिहिणे म्हणजे ‘पाऊस टपकन पडला’ या वाक्याचीच चूक चित्र आणि शब्द यांच्या जोडणीत करणे होय.

छायाचित्रकारांच्या बोलण्यात याविषयी दोन क्रियापदे आढळतात. एक ‘गोठवणे’. फ्लॅशने थेंब ‘फ्रीझ’ केले असे ते म्हणतात, आणि लिहिताना त्याचे ‘क्षण गोठवला’ असे भाषांतर होते. मराठीत तूप गोठते, भीतीने रक्त गोठते, तळे गोठते. पाणी गोठले की त्याचा बर्फ होतो. पाऊस गोठला तर त्याची गार होईल. भाषांतरित क्रियापदाने येथे एक चमत्कारिक काम केले आहे: चित्राने आधीच पावसाला बर्फासारखे केले होते, शब्दाने त्यावर मोहोर उमटवली. शिवाय ‘गोठवणे’ या शब्दात असे अभिप्रेत आहे की जे होते ते सगळे, होते तसे, धरून ठेवले आहे. तळे गोठते ते संपूर्ण गोठते. फ्लॅशबाबत हे खरे नाही.

दुसरे क्रियापद ‘टिपणे’. हे मराठीत जुने आहे आणि कॅमेऱ्याच्या संदर्भात वृत्तपत्रांनी ते सहजपणे उचलले आहे. चिमणी दाणे टिपते. टीपकागद शाई टिपतो. पदराने डोळे टिपतात. ऐकताना जे महत्त्वाचे वाटले तेवढे टिपून घेतले की त्याचे टिपण होते. या सर्व उपयोगांत समान असे काय आहे? पुष्कळातले थोडेसे, टोकाने, एकेक करून उचलणे. आणि बाकीचे तसेच राहू देणे. अंगणात सांडलेले सगळे धान्य चिमणीने उचलले असे कोणी समजत नाही. रात्रीच्या पावसात फ्लॅश जे करतो त्याचे याहून यथार्थ वर्णन सापडणे कठीण. तो थेंब टिपतो, पाऊस टिपत नाही. टीपकागदाचा उपयोग तर येथे विशेषच शोभून दिसतो.

‘टिपणे’ हे क्रियापद स्वीकारले की चित्राकडून काय मागायचे हेही बदलते. टिपलेल्या थेंबाचे चित्र थेंबाविषयी खरे सांगते. चित्रकार आणि जाहिरातवाले थेंब काढतात तो वर निमुळता, खाली गोल, अश्रूसारखा. असा थेंब हवेतून कधी पडत नाही. लहान थेंब गोल असतो. मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो. लेनार्डने १९०४ साली पडत्या थेंबांच्या आकाराचा अभ्यास मांडला तेव्हापासून हे ज्ञात आहे, तरी निमुळत्या थेंबाची आकृती अजून हटलेली नाही. बाजूने फ्लॅश देऊन नीट टिपलेले एक चित्र या रूढ आकृतीला जितके परिणामकारक उत्तर देईल तितके पाठ्यपुस्तकातील परिच्छेद देणार नाहीत. या दृष्टीने पाहता हौशी छायाचित्रकारांचा हा उद्योग हेटाळणीस पात्र नाही.

पण टिपलेल्या थेंबांवरून पावसाचे मान सांगणे हे निराळे आहे, आणि खरा धोका येथे आहे. ठाणे जिल्ह्यात पाऊस हा सौंदर्याचा विषय आहे तसा तो पंचनाम्याचाही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उल्हास नदीच्या पुराने कल्याण आणि बदलापूर परिसरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून या भागात ‘ढगफुटी’ हा शब्द सैलपणे वापरला जाऊ लागला आहे. हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येप्रमाणे वीस-तीस चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रावर तासाला १०० मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला तरच ढगफुटी म्हणायची. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार, असे त्या विभागाचे दर्जे आहेत. हे आकडे मापकातले आहेत. चित्रात दाट ठिपके दिसले म्हणून खाली ‘ढगफुटी’ असे लिहिणे हा पुरावा नव्हे, पुराव्याचा आभास आहे.

तो आभास कसा निर्माण होतो हे पाहण्याजोगे आहे. प्रकाशाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले तर उजेड चौथाईवर येतो. भिंगापासून अर्ध्या मीटरवरच्या थेंबावर पाच मीटरवरच्या थेंबाच्या शंभरपट उजेड पडतो. म्हणजे चित्रात ज्यांची गर्दी दिसते ते थेंब बहुतांशी छायाचित्रकाराच्या नाकासमोरचे असतात. ते फोकसच्या फार अलीकडे असल्याने फुगून तबकडीसारखे होतात. त्यांचा आकार पावसावर अवलंबून नसून भिंगाच्या छिद्रावर अवलंबून असतो, इतका की छिद्राच्या पात्या सरळ असतील तर तबकडीला कोनही येतात. पाश्चात्य देशांत अशा तबकड्यांना प्रेतात्मे समजणारेही लोक आहेत. आपल्याकडे त्यांना मोठमोठे थेंब समजतात, फरक थोडाच. श्रावणातली हलकी भुरभुर, कॅमेरा छत्रीच्या कडेला धरलेला आणि फ्लॅश समोरून, एवढ्या सामग्रीवर प्रलयाचे चित्र मिळते. उलट खरोखर कोसळणाऱ्या पावसात फ्लॅशचा उजेड पुढच्या पाण्यावरच खर्ची पडतो आणि मागचे सर्व करड्या पडद्याआड जाते. असे चित्र ‘बिघडले’ म्हणून टाकून दिले जाते. हानी होते ती ही: पावसाविषयी जे चित्र अधिक खरे बोलत होते तेच निवडीत गळते.

ठिपके मोजले तरी भागत नाही. मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली कॅनडातील निरीक्षणांवरून थेंबांच्या आकारमानाचे जे सूत्र दिले, त्याने हिशेब केला तर तासाला ५ मिलिमीटरच्या पावसात घनमीटरभर हवेत सर्व मिळून सुमारे पावणेतीन हजार थेंब येतात, आणि तासाला ५० मिलिमीटरच्या पावसात सुमारे साडेचार हजार. पाऊस दहापट झाला, थेंब दुप्पटही झाले नाहीत. वाढतात ते मोठे थेंब: १ मिलिमीटरहून मोठ्यांची संख्या साधारण दीडशेवरून सातशेच्या पुढे जाते. कोकणच्या पावसाला हे आकडे तंतोतंत लागू पडतील असे नाही, पण दिशा स्पष्ट आहे. पावसाचा जोर थेंबांच्या संख्येत फारसा नसून त्यांच्या आकारात आणि वेगात असतो. फ्लॅश वेग पुसून टाकतो आणि फोकसबाहेरची तबकडी आकार बदलून टाकते. ‘मुसळधार’ या शब्दाने जाडी आणि पडण्याचा जोर या नेमक्या दोन गोष्टी हेरल्या आहेत. निरीक्षणाच्या बाबतीत बोलभाषेचा हा शब्द महागड्या यंत्राहून सरस ठरतो, याचे आश्चर्य वाटायला नको.

२००५ च्या पुराची जी छायाचित्रे लोकांच्या ध्यानात राहिली, त्यांत पाऊस जवळजवळ नाहीच. त्यांत पाणी आहे: कमरेपर्यंत, बसच्या खिडकीपर्यंत, भिंतीवरच्या ओल्या रेषेपर्यंत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हाही मनावर ठसले ते चहूकडच्या गढूळ पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे दिवसाउजेडी घेतलेले चित्र. रात्रभर झालेला पाऊस त्या चित्रात कोठेही दिसत नाही आणि तरी त्याच्याविषयी शंका राहत नाही. पाणी हे पावसाचे साचलेले रूप आहे. त्यात अवधी आपोआप येतो.

तरीही पडता पाऊस रात्री दाखवायचाच असेल, तर तो कसा दाखवावा? चित्रपटाने याचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ (१९५५) या चित्रपटात छत्रीखालच्या गीताचा जो प्रसंग आहे, तो पाऊस पाडलेला आहे. पण राधू कर्माकर यांच्या छायाचित्रणात तो अस्सल वाटतो. याचे एक कारण असे की सेकंदाला चोवीस चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्यात एकेक चौकट सुमारे एक-अठ्ठेचाळीसांश सेकंद प्रकाश घेते. थेंब तेवढ्यात अर्ध्या वितीच्या आसपास उतरतो आणि धार उमटते. रात्रीच्या पावसासाठी चित्रपटवाले पाळतात ती दुसरी युक्ती दिव्याच्या जागेची: दिवा पावसाच्या मागे ठेवायचा. थेंबात शिरलेला प्रकाश बहुतांशी पुढल्या दिशेला बाहेर पडतो. समोरून मारलेल्या दिव्याकडे फार थोडा परततो. कल्याणच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही हे शास्त्र ठाऊक आहे. येणाऱ्या लोकलच्या दिव्यासमोर पाऊस झगझगीत दिसतो, आणि गाडी निघून गेल्यावर तोच पाऊस नाहीसा होतो, ऐकू मात्र येतो. पावसाचे ‘खरेपण’ तो खरा पडलेला असण्यावर अवलंबून नाही, हेही येथे नोंदवावे. ब्रायन ब्रेक या न्यूझीलंडच्या छायाचित्रकाराने १९६० साली कलकत्त्यात काढलेले मुलीच्या चेहऱ्यावरील पहिल्या पावसाचे चित्र जगभर गाजले. मुलगी होती अपर्णा दासगुप्ता, पुढच्या अपर्णा सेन. तो पाऊस झारीने पाडला होता.

फ्लॅश आणि धार यांचा समेट घडवणारा एक मार्ग छायाचित्रकारांना ठाऊक आहे. शटर जरा जास्त वेळ उघडे ठेवायचे, मागच्या दिव्यात थेंबांच्या रेघा उमटू द्यायच्या आणि त्या अवधीत एकदा फ्लॅश उडवायचा. चित्रात रेघ आणि थेंब दोन्ही येतात. मात्र फ्लॅश आरंभी उडवला तर थेंब वर आणि त्याची रेघ खाली लोंबते. पाहणाऱ्याला तो थेंब वर चढत असल्यासारखा वाटतो. फ्लॅश शेवटी उडवला तर रेघ वर आणि थेंब तिच्या टोकाशी येतो, आणि डोळ्याला तेच योग्य वाटते. दोन्ही चित्रे भौतिकदृष्ट्या सारखीच खरी आहेत. पण पहिले ‘थेंब पडू लागला’ असे म्हणून थांबते, दुसरे ‘पडत होता, तो आता येथे आहे’ असे म्हणते. वाक्याच्या शेवटी क्रियापद ठेवणाऱ्या भाषेच्या वाचकाला दुसरे पसंत पडले तर ते समजण्यासारखे आहे, मात्र त्यावरून मोठा सिद्धान्त उभारण्याचे कारण नाही. ही पसंती इतर भाषकांतही आढळते.

या सर्वांपेक्षा गुणाने वरचढ अशी काही चित्रे मात्र फ्लॅश न वापरताच मिळतात, आणि तीही रस्त्यावरच्या साध्या दिव्याखाली. सोडियमचा पिवळा दिवा डोळ्याला अखंड जळताना दिसतो. वस्तुतः पन्नास आवर्तनांच्या विजेवर तो सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. त्याच्या उजेडात एक-विसांश सेकंदाचे चित्र घेतले तर थेंबाची रेघ सलग येत नाही. तिच्यावर पाच उजळ मणी ओवलेले दिसतात. दोन मण्यांमधील अंतर म्हणजे थेंबाने सेकंदाच्या शंभराव्या भागात कापलेले अंतर. २ मिलिमीटरच्या थेंबाला ते साडेसहा सेंटिमीटर येते, ५ मिलिमीटरच्याला ९ सेंटिमीटर. दिव्याच्या खांबाशी तुलना करून हे अंतर मोजता येते, आणि त्यावरून थेंबाचा वेग व अंदाजाने आकारही. येथे चित्र पहिल्यांदाच पावसाविषयी मोजण्याजोगे काही सांगते, आणि सांगताना धार व थेंब यांपैकी कशाचाच त्याग करीत नाही. राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रांत पाऊस कधी कधी पांढऱ्या बारीक ठिपक्यांच्या ओळींनी दाखवलेला असतो. त्या चित्रकारांपुढे सोडियमचा दिवा नव्हता, पण पाऊस एकाच वेळी सुटा आणि सलग आहे हे त्यांनी अशाच आकृतीने मांडले. मराठीत पावसाची सर स्त्रीलिंगी आणि मोत्यांचा सर पुल्लिंगी. शब्द दोन असले तरी ऐकणाऱ्याच्या कानात ते शेजारी बसतात, आणि हे चित्र पाहताना तर बसतातच.

रस्त्यांवरील सोडियमचे दिवे आता पांढऱ्या एलईडी दिव्यांना जागा करून देत आहेत. त्यांपैकी जे स्थिर प्रवाहावर चालतात त्यांच्या उजेडात मणी उमटत नाहीत. त्यामुळे काही वर्षांनी ठाण्या-कल्याणच्या रात्रीच्या पावसाचे एखादे तारीख नसलेले चित्र हाती आले, तर धारेवर मणी आहेत की नाहीत एवढे पाहूनही ते दिवे बदलण्यापूर्वीचे की नंतरचे याचा अंदाज बांधता येईल.